कावळ्याला तव्यावर बसवावं की नाही?

*ताई, नमस्कार.*

*आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची. सासूबाई कराडच्या, आता आमच्याकडेच असतात आणि रोज रात्री तिला गोष्ट सांगतात. त्यांच्या चिऊ-काऊच्या गोष्टीत शेवटी चिऊताई भिजलेल्या कावळ्याला म्हणते, 'थंडी वाजते ना, मग त्या तव्यावर बस.' कावळ्याचं बूड भाजतं आणि मुलगी खदाखदा हसते. मला ते बरं वाटत नाही. म्हणून मी याच गोष्टीचं चित्रांचं छान पुस्तक आणलं. त्यात चिऊताई लगेच दार उघडते, कावळ्याला टॉवेल देते आणि दोघं गरम सूप पितात. मुलीने दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा पुस्तक मिटून म्हणाली, 'ही खोटी गोष्ट आहे, आजीची खरी.' सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण हसल्या. ते मला लागलं.*

*त्यात मिस्टरांनी प्रदर्शनातून लाल टोपीवाल्या मुलीचं पुस्तक आणलं. लांडगा आजीला गिळतो, मग मुलीला. मी ती पानं एकत्र धरून उलटत होते. परवा तिने ती सुटी केली आणि विचारलं, 'लांडग्याच्या पोटात अंधार असतो का?' त्या रात्री ती माझ्या कुशीतून हलली नाही. आमच्या मागेच येऊरचा डोंगर, सोसायटीच्या ग्रुपवर सारखे बिबट्याचे मेसेज, म्हणजे भीतीला आधीच तोटा नाही. या जुन्या गोष्टी लहान मुलांना द्याव्यात का? द्यायच्या तर पुस्तक कसं निवडायचं? आणि सासूबाईंना तव्याचं कसं सांगू?*

*– एक आई, ठाणे*

नमस्कार.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण क्रम माझा. आधी ते 'खोटी गोष्ट' प्रकरण, कारण बाकीचं बरंचसं त्यातच अडकलंय.

तवा गेला म्हणून लेक रुसली, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तुमच्या पुस्तकातून तव्याआधी आणखी काहीतरी गेलंय आणि ते गेल्याचं तुमच्या पत्रात एका शब्दानेही आलेलं नाही. चिऊताईचं 'थांब' गेलंय.

आजीच्या गोष्टीत काय होतं? शेणाचं घर पावसात वाहून गेलेला काऊ मेणाच्या घराशी येतो. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.' पुन्हा हाक. 'थांब, बाळाला पुसू दे.' मग पावडर, मग तीट, मग झबलं, मग दूध, मग जोजवणं. बाहेर पाऊस वाढतोय, आत बाळाचं आवरणं काही संपत नाही. एकदा सासूबाई सांगत असताना दाराआडून लेकीकडे बघा. ती नुसती ऐकत नसणार. आजीने 'दार उघड' म्हटलं रे म्हटलं की 'थांब' तीच म्हणत असणार, तेही हात आडवा करून. दिवसभर हा शब्द तिच्याच वाट्याला येतो. थांब, मी फोनवर आहे. थांब, कुकर होऊ दे. थांब, अजून व्हॅन आली नाही. रात्री झोपण्याआधी थोडा वेळ का होईना, 'थांब' म्हणण्याचा हक्क तिच्याकडे येतो आणि समोरचा मुकाट भिजत उभा राहतो. सुपाच्या पुस्तकात चिऊताईने पहिल्याच हाकेला दार उघडलं. मग लेकीला म्हणायला काय उरलं? ती नाराज झाली यात नवल नाही. तिने दोनदा ऐकून घेतलं, हेच खूप झालं.

लोककथेचं चित्रपुस्तक करणारे बरेच जण इथेच फसतात. त्यांना वाटतं, गोष्ट म्हणजे तिच्यातल्या घटना. चिऊ, काऊ, पाऊस, दोन घरं, सगळं घेतलं की झाली गोष्ट. आणि तेच तेच पुन्हा येतं म्हणून संपादक कात्री लावतात, चोवीस पानांत बसवायचं असतं ना. पण या वयाच्या मुलाला गोष्टीचा धागा त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीनेच सापडतो. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेलं बरोबर वेळेवर येतं याची मजा त्याला येते. आपल्याला कंटाळा येतो, तो आपला प्रश्न.

आता 'खरी' आणि 'खोटी'बद्दल. लेकीला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण तुम्ही 'मूळ गोष्ट बिघडवली' असा अपराध मनात धरू नका. लोककथेला एकच एक मूळ नसतं. शेणाचं घर नि मेणाचं घर तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातही आहे, म्हणजे ही गोष्ट सातशे वर्षांहून जुनी, आणि इतकी वर्षं ती घराघरांत बदलतच आली असणार. काही घरांत तव्याचं नावही नसतं. तिथे कावळा आत आल्यावर कोपऱ्यात बसून चिमणीचे चणे कुडुमकुडुम खातो आणि विचारलं की थाप मारतो. झबलं आणि पावडर तर कालपरवाची.

युरोपातही तेच. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांचा लोककथांचा संग्रह १८१२ मध्ये निघाला तेव्हा त्यात चित्रं नव्हती, होत्या अभ्यासकांसाठी टिपा. पुढे १८५७ पर्यंत त्याच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्म गोष्टींवर हात फिरवत राहिला. मुलांसाठी म्हणून पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती १८२५ मध्ये आली, तिची चित्रं त्यांच्याच धाकट्या भावाने, लुडविगने काढली. तीन अस्वलांच्या घरात शिरून त्यांची लापशी खाणारी ती सोनेरी केसांची गोड मुलगी आठवते ना? रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये ती गोष्ट छापली तेव्हा त्या घरात एक खडूस म्हातारी शिरली होती. मुलगी नंतर आली, कारण मुलांच्या पुस्तकात मुलगी बरी दिसते. आणि तीन डुकरांची गोष्ट जोसेफ जेकब्सच्या १८९० च्या संग्रहात वाचलीत तर पहिल्या दोन डुकरांना लांडगा सरळ खातो आणि तिसरं डुक्कर शेवटी लांडग्याला शिजवून खातं. आजच्या बहुतेक पुस्तकांत दोघं पळत भावाच्या घरी पोचतात.

तेव्हा बदल करायचा की नाही हा प्रश्नच नाही, बदल होणारच. कुठे करायचा, एवढंच बघायचं.

माझं मत विचाराल तर तवा राहू दे. लेक कशाला हसते ते बघा. ती कावळ्याच्या वेदनेला हसत नाही, 'बूड' या शब्दाला हसते. साडेचार वर्षांच्या जगात त्याहून विनोदी शब्द नाही. शिवाय तिला पक्कं माहीत आहे की कावळ्याचं काही बिघडलेलं नाही. तो रोज सकाळी तुमच्या खिडकीच्या ग्रिलवर येऊन पोळीचा तुकडा मागतो, नाही का? सासूबाई सांगतात तेव्हा फोड येत नाही, कातडी सोलत नाही. चर्र होतं, काव काव होतं, कावळा भुर्र. तोंडी गोष्टीत एवढंच असतं आणि ते क्षणात मागे पडतं.

चित्रात मात्र ते मागे पडत नाही. कान सोडून देतो ते डोळा धरून ठेवतो. शेपटीतून धूर निघणारा, डोळ्यांत पाणी आलेला कावळा पानभर काढला, तर मूल त्या पानाशी थांबेल, त्याच्यावर बोट ठेवेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान काढेल. म्हणून तव्याची ओळ ठेवणारं पण तव्याचं चित्र न काढणारं पुस्तक मिळालं, तर ते करणाऱ्याला कळलंय असं समजा. पान उलटावं तर तवा रिकामा, शेजारी एक काळं पीस आणि खिडकीबाहेर लांब एक ठिपका. बस. बाकीचं मूल करतं, आपल्याला पेलेल तेवढंच.

मला त्या गोष्टीत खटकतं ते वेगळंच आहे, आणि ते कुणी पत्रातून विचारत नाही. कितीतरी पुस्तकांत पहिल्याच पानावर कावळा 'काळाकुट्ट, घाणेरडा आणि आळशी' असतो, चिमणी 'नीटनेटकी, गोड, शहाणी'. का? पाऊस आला तेव्हा त्याचं घर वाहून गेलं, यात त्याच्या रंगाचा काय संबंध? आणि शेण घाण कधीपासून झालं? सासूबाईंनी लहानपणी शेणाने जमीन सारवली असेल तर त्यांना विचारा. शेणाचं घर पावसाला टिकत नाही, एवढाच गोष्टीतला मुद्दा. 'ई, शेण!' ही आपल्या फ्लॅटमधली भर. मग चित्रकार राजकन्या गोरी काढतो, राक्षस काळा काढतो, आणि आपण रक्त कुठे दिसतंय का हे शोधत बसतो. सावळ्या मुलीला झोपताना असं पुस्तक वाचून दाखवणं मला तव्यापेक्षा जास्त टोचतं. हे शब्द वाचताना खुशाल गाळा. त्यासाठी सासूबाईंची किंवा प्रकाशकाची परवानगी लागत नाही.

सावत्र आईचंही तसंच. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती, हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारीही सख्खीच. नंतरच्या आवृत्त्यांत दोघींच्या मागे 'सावत्र' लागलं. आईचं नाव राखण्यासाठी दुसऱ्या बाईला पुढे केलं, झालं. लेकीच्या वर्गात एखादं मूल असेल ज्याच्या घरी दुसरी आई प्रेमाने डबा भरून देते. वाचताना नुसतं 'राणी' म्हटलं तर गोष्टीचं काहीएक बिघडत नाही.

आता लांडगा. तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न वाचून मी खूश झाले, कारण ग्रिमच्या गोष्टीत नेमकं तेच आहे. शिकारी कात्रीने लांडग्याचं पोट कापतो, लाल टोपीवाली बाहेर उडी मारते आणि पहिलं काय म्हणते? मी किती घाबरले होते, लांडग्याच्या पोटात किती अंधार होता! म्हणजे तुमच्या मुलीने गोष्टीतल्या मुलीच्या जागी जाऊन विचार केला. उत्तर सरळ द्या: हो, अंधार असतो, आणि बाहेर आल्या आल्या ती तेच म्हणाली.

पण हे सांगायला ती बाहेर येणारं पान उघडावं लागेल. तुम्ही पानं दाबून धरत होतात, त्यात गिळण्याचं पान लपलं, आणि माझा अंदाज असा की सुटकेचं पानही त्याच गठ्ठ्यात गेलं. लेकीने ओढून काढलं ते नेमकं अर्धं. शिवाय एक गोष्ट तिला त्यातून कळली, की आई या पानाला घाबरते. लांडग्यापेक्षा ती बातमी मोठी.

म्हणून असं करा. रात्री नको, रविवारी सकाळी पोहे-बिहे झाले की तिला मांडीवर घेऊन बसा. आधी सुटकेचं पान उघडा, पोटातून टोपी बाहेर येतेय ते दाखवा. शेवट ठाऊक असला की मधलं सोसतं, मोठ्यांचंही तसंच असतं. मग पहिल्या पानापासून वाचा आणि पानाचा कोपरा तिच्या हातात द्या. उलटायचं की नाही ते तिने ठरवायचं. 'नको' म्हणाली तर मिटा, समजूत घालत बसू नका. तेच पान पुन्हा पुन्हा मागितलं तर पुन्हा पुन्हा वाचा. भीतीशी तिचा तो स्वतःचा व्यवहार चाललाय, आपण मध्ये बोलायचं नाही. आणि खरंच रोज रात्री दचकून उठायला लागली, तर पुस्तक कपाटावर ठेवून द्या, पाच-सहा महिन्यांनी काढा.

लांडग्याचा शेवट सौम्य केलेली पुस्तकंही मिळतात. आजी कपाटात लपते, लांडगा माफी मागून निघून जातो. मला ती फारशी पटत नाहीत. गंमत म्हणजे याच गोष्टीत, फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात, शिकारी नाहीच, लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. ती मी साडेचार वर्षांच्या मुलीला नक्कीच वाचून दाखवणार नाही. पण अंधारात जाऊन परत येता येतं, हे सांगणारी ग्रिमची गोष्ट आहे तशी द्यायला हरकत नाही. माफी मागणाऱ्या लांडग्याच्या पुस्तकात कुणी अंधारात गेलेलंच नसतं, मग परत कोण येणार?

बिबट्याचं प्रकरण निराळं. ते गोष्टीत मिसळू नका. लांडगा पुस्तक मिटलं की मिटतो, बिबट्या मिटत नाही, कारण त्याच्याबद्दल तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलतात, मोबाइलवर तो अंधुक व्हिडिओ एकमेकांना दाखवतात आणि ती आली की गप्प होतात. तिला साध्या शब्दांत सांगा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे राहतात. ते बहुतेक रात्री फिरतात आणि माणसाला टाळतात. आपण कचरा उघड्यावर टाकला की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. म्हणून कचरा डब्यात, आणि अंधार पडला की डोंगराच्या बाजूला खेळायचं नाही. तिला पाळता येईल असा नियम मिळाला की भीती थोडी आवाक्यात येते. त्या जंगलातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला पूजतात, हेही सांगा. शेजारी राहणाऱ्याशी कसं वागायचं याचा तोही एक विचार आहे.

आणि मग सासूबाईंना भोपळ्याची गोष्ट सांगायला सांगा. म्हातारीला लेकीकडे जायचंय, वाटेत जंगल, जंगलात वाघ. ती घरी बसून राहत नाही. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा' असा करार करून पुढे जाते आणि येताना भोपळ्यात बसून 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलीला याहून कामाची गोष्ट कुठली? ही गोष्ट फक्त आपली आहे असंही नाही. बंगालीत उपेंद्रकिशोर राय यांनी १९१० साली छापलेल्या संग्रहात कुबडी म्हातारी दुध्या भोपळ्यातून गडगडत येते, इराणमध्येही भोपळ्यातून गडगडत येणारी म्हातारी आहे. शेवट जागोजागी निरनिराळा, पण ती गडगडण्याची ओळ सगळीकडे आहे. ती काढायची कुणाची छाती झालेली नाही.

आता पुस्तक निवडायचं कसं. नौपाड्यात एखाद्या दुकानात उभं राहून पहिली दोन पानं मोठ्याने वाचा, अगदी पुटपुटत का होईना. 'एकदा एक लहान मुलगी होती जिला तिच्या आजीने एक लाल टोपी दिली होती जी तिला फार आवडत असे' असं वाक्य आलं की ठेवून द्या. ते डोळ्यांसाठी केलेलं भाषांतर आहे, तोंडात बसणार नाही. 'एक होती मुलगी. तिला आजीने दिली टोपी. लालचुटुक!' असं काही असेल तर पुढे वाचा.

मग मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत जा. चित्र जर मजकुराचंच काम पुन्हा करत असेल, म्हणजे 'कावळा भिजला' लिहिलंय आणि भिजलेला कावळा काढलाय, तर ते सजवलेलं पुस्तक झालं, चित्रपुस्तक नव्हे. चिऊ-काऊचंच घ्या. डाव्या पानावर पाऊस आणि काऊ, उजव्या पानावर दिवा लावलेलं घर आणि चिऊ, मधली शिवण म्हणजे भिंत. मजकूर फक्त 'थांब, बाळाला तीट लावू दे.' पण प्रत्येक वेळी डाव्या पानावर पाणी थोडं वर चढलेलं, कावळ्याची पिसं थोडी खाली आलेली. याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मूल वाचता येत नसतानाही डावीकडे बोट दाखवून सांगतं, 'आई, पाणी त्याच्या पोटापर्यंत आलं.' आणि सातव्यांदा पान उलटलं की चित्र पहिल्यांदाच शिवण ओलांडतं, दार उघडतं. असं पुस्तक हातात आलं तर किंमत बघू नका.

शेवटच्या पानावर चौकटीत 'तात्पर्य' असेल तर त्यावर स्टिकर चिकटवा. स्टिकर मुलांकडे असतातच.

मराठीत चांगलं काम होत नाही अशी तक्रार ऐकू येते, ती पूर्ण खरी नाही. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची पुस्तकं बघा. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजूनही स्वस्त आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून मराठीतही फुकट पुस्तकं देतं. तिथली भाषांतरं एकसारख्या दर्जाची नाहीत, तेव्हा मोठ्याने वाचून बघण्याची परीक्षा तिथेही घ्या, आणि आवडलेलं पुस्तक शक्यतो छापून घ्या. झोपताना मोबाइलवर गोष्ट वाचायला गेलात की मध्येच सोसायटीच्या ग्रुपवरचा बिबट्या येतो. आणि ठाण्यात राहून १८९३ साली सुरू झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेला नसाल तर एकदा लेकीला घेऊन जा, मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. विकत घेण्याआधी दहा पुस्तकं चाळायला मिळणं ही चैन सगळ्या शहरांत नसते.

राहिल्या सासूबाई. त्यांना तव्याचं काही सांगू नका. त्यांचं हसणं तुम्हाला लागलं हे समजू शकते. तुम्ही मुलीसाठी हौसेने आणलेली वस्तू मुलीने मोडीत काढली आणि साक्षीदार नेमक्या त्या. पण त्या बोलल्या नाहीत, हेही तुम्हीच लिहिलंय. 'बघ, मी सांगत होते' म्हणायची संधी समोर असताना ज्या बाईने ती सोडली, तिच्याशी लढाई करायचं काही कारण दिसत नाही.

उलट दुपारी चहाच्या वेळी विचारा, 'आई, तुम्हाला ही गोष्ट कोणी सांगायचं? तेव्हाही तवाच होता का?' काय निघेल सांगता येत नाही. कदाचित तवा नसेल, चूल असेल. आणि मग चार ए-फोर कागद मधोमध दुमडा, दोरा घालून शिवा. सोळा पानं होतात. त्या सांगतील, तुम्ही लिहा, लेक चित्रं काढेल. प्रत्येक 'थांब'ला एक पान. तव्याचं चित्र काढायचं की नाही हे दोघींनी तिच्यावर सोडा. ती काय काढते ते बघितलंत तर तुमची निम्मी काळजी जाईल, कारण बहुधा ती तव्यापेक्षा बाळाची पावडर रंगवण्यात जास्त वेळ घालवेल.

सुपाचं पुस्तक टाकू नका. चित्रं चांगली आहेत म्हणता, मग 'त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं' म्हणून वाचा. भाजलेला कावळा परत आला आणि या वेळी चिऊताईने लगेच दार उघडलं, असं सुरू केलंत तर तेच पुस्तक चालूनही जाईल. लेकीला पटलं नाही तर तीच सांगेल.

आणि मिस्टरांना सांगा, पुढच्या प्रदर्शनात पैसे देण्याआधी दोन पानं मोठ्याने वाचून बघा. स्टॉलवरची माणसं वळून बघतील, बघू देत.